जुन्या शेवरोले पिकअपसाठी पुढील सस्पेन्शनची निवड : मोजमापापासून अलाइनमेंटपर्यंत

१९४७ च्या उन्हाळ्यात शेवरोलेने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिकेतील पिकअप बाजारात आणल्या आणि १९५५ च्या मार्चपर्यंत, अधूनमधून फेरफार करीत, त्याच बनवल्या. अमेरिकेत हौसेने नव्याने बांधल्या जाणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये या गाड्यांचा वाटा मोठा आहे. त्यांपैकी अर्ध्या टनाच्या ‘३१००’ या मॉडेलचा व्हीलबेस ११६ इंच असून, पुढच्या बाजूस घडीव पोलादाचा आय-आकाराचा अखंड ॲक्सल आणि त्यावर चासीला समांतर बसवलेले दोन पाटे अशी साधी रचना असते. ही रचना तशीच ठेवावी, तिच्यात सुधारणा करावी की ती काढून दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलवणारे सस्पेन्शन बसवावे, हा प्रश्न गाडी उघडून बसलेल्या प्रत्येकापुढे येतो. बहुतेक जण त्याचे उत्तर सर्वांत आधी ठरवून मोकळे होतात. माझ्या मते ते सर्वांत शेवटी ठरवावे, कारण इंजिन, गाडीची उंची, चाकांची रुंदी आणि मागील ॲक्सल निश्चित झाल्याखेरीज पुढच्या सस्पेन्शनची तुलना करायला काही आधारच नसतो. पुढील विवेचन ३१०० डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. फोर्डच्या १९५३ ते १९५६ च्या एफ-१०० लाही त्यातील बराचसा भाग लागू पडतो, कारण तिच्याही पुढच्या बाजूस अखंड ॲक्सल आणि पाटेच आहेत.

गाडी कोणत्या वेगाने आणि कशासाठी चालणार

१९५४ पर्यंतच्या ३१०० मध्ये मागील ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट बंद नळीत फिरतो, ज्याला टॉर्क ट्यूब म्हणतात, आणि मागील गिअरचे प्रमाण ४.११ असते. या प्रमाणामुळे ताशी ५५ मैलांच्या आसपास मूळ सहा सिलिंडरचे इंजिन इतके फिरू लागते की त्यापुढे गाडी रेटण्याची इच्छाच उरत नाही. मूळ इंजिन आणि मूळ मागील ॲक्सल ठेवणार असाल, तर महामार्गावर ताशी ७० मैलांसाठी घडवलेले सस्पेन्शन पुढे बसवून हाती फारसे काही लागत नाही. अशा गाडीला नीट दुरुस्त केलेला मूळ ॲक्सल पुरतो. इतकेच नव्हे, तर अनेक वेळा तोच अधिक चांगला ठरतो.

याउलट व्ही-८ इंजिन, ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स, नवा मागील ॲक्सल आणि राज्याराज्यांतून लांबचा प्रवास असा बेत असेल, तर स्वतंत्र सस्पेन्शनचा विचार रास्त आहे. हौद्यात खरोखर माल टाकायचा आहे की नाही, बर्फाच्या प्रदेशात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गाडी न्यायची आहे की नाही, आणि गाडी किती इंच खाली बसलेली हवी, ही उत्तरेही याच टप्प्यावर कागदावर यायला हवीत. उंचीबद्दल केवळ ‘खाली बसलेली’ असे लिहून भागत नाही. जमिनीपासून चासीच्या खालच्या कडेपर्यंत पुढे किती आणि मागे किती इंच, असे दोन आकडे लिहावेत, कारण पुढची बरीचशी मापे त्यांवरूनच निघतात.

जुना ॲक्सल काढण्यापूर्वीची तपासणी

‘गाडी रस्त्यावर भटकते, म्हणून ॲक्सल बदलतो’ हे कारण फार ऐकू येते. पण अखंड ॲक्सल मुळातच भटकत नाही. भटकण्याचे कारण बहुतेक वेळा झिजलेले किंगपिन (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळते ती), सैल टायरॉड-एंड (दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे सांधे), ढिला स्टिअरिंग बॉक्स, झिजलेले शॅकल बुश (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या दुव्यातील) किंवा चुकीचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) यांपैकी एखादे असते. किंगपिन तपासण्यासाठी पुढचे चाक जमिनीवरून उचलावे, ॲक्सल स्टँडवर टेकवावा आणि चाक वर व खाली धरून आतबाहेर हलवून पाहावे. खडखड जाणवल्यास सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, आणि ब्रेक दाबूनही ती कायम राहिली तर किंगपिन व त्याचे बुश झिजले आहेत. या एका चाचणीने पुष्कळांचा खर्च वाचतो.

त्यानंतर पुढच्या ॲक्सलवरील वजन घ्यावे. अमेरिकेत महामार्गांवरील ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात आणि तेथे प्रत्येक ॲक्सलचे वजन वेगळे मिळते. इंजिन बदलणार असाल तर दोन्ही इंजिनांच्या वजनांतील फरक त्यात मिळवावा. चासीचे दोन्ही कर्ण मोजून ती वाकडी झालेली नाही याची खात्री करावी आणि पाट्यांच्या हँगरभोवतीचा गंज खरवडून पाहावा. शेवटी, मडगार्ड गाडीवर असतानाच, चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडून ॲक्सलच्या मध्यरेषेची खूण चासीवर आणि जमिनीवर पंचने किंवा पक्क्या रेघेने करून ठेवावी. ॲक्सल एकदा निघाला की ही रेषा पुन्हा शोधणे कठीण जाते, आणि ती अर्धा इंच चुकली तरी मडगार्डच्या कमानीत चाक पुढेमागे सरकलेले कोणाच्याही नजरेत भरते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मूळ ॲक्सल नव्याने बांधण्याचा. नवे किंगपिन, रीमरने नेमक्या मापाला आणलेले नवे बुश, नवे शॅकल, पानांची संख्या थोडी कमी केलेले पाटे, जुन्या तरफेच्या शॉकॲब्सॉर्बरच्या जागी नळीचे शॉकॲब्सॉर्बर आणि पुढे डिस्क ब्रेक एवढे केले, की ही रचना ताशी ६० मैलांपर्यंत सरळ आणि विश्वासाने चालते. तिचा दोष असा की एक चाक खड्ड्यात गेले तर दुसऱ्यालाही त्याची खबर लागते, आणि ते कोणत्याही दुरुस्तीने जात नाही.

दुसरा पर्याय खाली वाकवलेल्या ॲक्सलचा. यात ॲक्सलची टोके तीन-चार इंच वर नेलेली असतात, त्यामुळे तितकीच गाडी खाली येते. पाट्यांतील पाने काढून गाडी खाली बसवली तर ॲक्सल आणि चासी यांमधील मोकळी जागा कमी होते आणि मोठ्या खड्ड्यात ॲक्सल चासीवर आपटतो. वाकवलेल्या ॲक्सलमध्ये ही जागा शाबूत राहते. म्हणून उंची कमी करताना मोठा वाटा ॲक्सलने आणि उरलेला अगदी थोडा वाटा पाट्यांनी उचलावा. मात्र चाकांचे स्टब (चाक ज्यावर फिरते ते दांडे) वर गेल्यामुळे टायरॉडही वर जातो आणि पाट्याला किंवा इंजिनच्या तेलपात्राला लागू शकतो, म्हणून खाली वाकवलेले स्टिअरिंग आर्मही घ्यावे लागतात. ताशी ६० मैलांपर्यंत चालणाऱ्या आणि रूप जुनेच ठेवायच्या गाडीसाठी मी हाच पर्याय सुचवीन.

तिसरा पर्याय ‘मस्टँग टू’ या नावाने ओळखला जातो. फोर्डने १९७४ ते १९७८ या काळात बनवलेल्या मस्टँग टू मोटारीच्या पुढील रचनेवरून हा संच बेतला आहे. त्यात चाकाला चासीशी जोडणारे दोन आर्म, वरचा आखूड आणि खालचा लांब, मध्ये कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सलच्या पुढच्या बाजूस रॅक-पिनियन स्टिअरिंग (छोट्या दातेरी चाकाने आडवा दातेरी दांडा सरकवणारे) असते. रचना सुटसुटीत आणि अरुंद असल्याने ती जुन्या चासीत सहज मावते, आणि म्हणूनच आज बहुतेक कंपन्यांचे संच याच धर्तीवर निघतात. ‘हलक्या मोटारीचे सामान जड पिकअपला कसे चालेल?’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण १९७५ पासून त्याच मोटारीत ३०२ घनइंची व्ही-८ मिळत होते, त्यामुळे पुढील वजनाचा प्रश्न लोकांना वाटतो तितका गंभीर नाही. खरा प्रश्न संचाच्या बांधणीचा आहे. मूळ मोटारीत खालचा आर्म एकाच बोल्टवर असे आणि त्याला तोलून धरणारा तिरका रॉड ब्रेकचा जोर चासीपर्यंत नेत असे. अनेक संचांत हा रॉड काढून खालचा आर्मच रुंद केलेला असतो. ते चालते, पण मग ब्रेकचा सगळा जोर क्रॉसमेंबरवर, म्हणजे चासीच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या आडव्या तुळईवर येतो. अशा संचात आर्मच्या आधाराभोवती त्रिकोणी मजबुतीपट्ट्या आहेत का आणि पत्रा किती जाड आहे, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. मूळचे साधारण नऊ इंची डिस्क पिकअपला अपुरे पडतात. अकरा इंची घ्यावेत.

चौथा प्रकार दुसऱ्या गाडीचा पुढचा भाग कापून जोडण्याचा. १९७० ते १९८१ च्या कमारो मोटारीचा पुढचा सबफ्रेम यासाठी पूर्वी फार वापरला जाई. मजबुतीत तो कमी नाही, परंतु या पिकअपच्या मडगार्डांच्या मानाने तो रुंद पडतो आणि मूळ चासीचा पुढचा भाग कायमचा जातो. संच सहज मिळू लागल्यानंतर या वाटेने जाण्याचे कारण मला दिसत नाही. फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाचा २००३ नंतरचा ॲल्युमिनियमचा क्रॉसमेंबर भंगाराच्या आवारात स्वस्तात मिळतो आणि बोल्टने बसतो, पण तो बराच रुंद आहे. १९६० आणि ७० च्या दशकांतील रुंद एफ-१०० ला तो शोभतो, ३१०० ला नाही.

संपूर्ण चासीच बदलून शेवरोलेच्याच नंतरच्या, छोट्या एस-१० पिकअपच्या चासीवर जुनी बॉडी बसवण्याचीही एक पद्धत आहे. लांब हौद्याच्या साध्या केबिनच्या एस-१० चा व्हीलबेस ११७.९ इंच, म्हणजे ३१०० च्या जवळचा आहे, म्हणून ते सोपे वाटते. प्रत्यक्षात केबिन, रेडिएटरचा आधार, मडगार्ड आणि हौदा यांचा प्रत्येक आधार नव्याने बनवावा लागतो. सस्पेन्शनचे काम वाचते आणि बॉडीचे काम वाढते.

रुंदीचा हिशेब

या टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात, म्हणून आकडे मांडूनच पाहू. मस्टँग टू धर्तीच्या प्रचलित संचात एका हबच्या चाक बसणाऱ्या पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ५६.५ इंच असते. शून्य ऑफसेटची (हबला टेकणारा भाग रुंदीच्या मधोमध असलेली) चाके आणि २१५ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे सुमारे ८.५ इंची टायर घेतले, तर दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर ५६.५ अधिक ८.५, म्हणजे ६५ इंच होते. आता मोठ्या ब्रेकच्या संचामुळे प्रत्येक हब अर्धा ते पाऊण इंच बाहेर सरकला, तर हेच अंतर ६६ ते ६६.५ इंचांवर जाते. मडगार्डच्या आतील मोकळ्या रुंदीतून ही बेरीज वजा करावी आणि चाके पूर्ण वळवून, गाडी पूर्ण दबलेल्या स्थितीत प्रत्येक बाजूला किमान एक इंच उरतो का ते पाहावे. विक्रेत्याला ‘संचाची रुंदी किती’ असे न विचारता ‘याच ब्रेकसह हबपासून हबपर्यंत किती’ असे विचारावे.

येथे आणखी एक बाब. अर्ध्या टनाच्या शेवरोलेची मूळ चाके सहा बोल्टांची असून बोल्टांचे वर्तुळ ५.५ इंचांचे आहे, तर नव्या संचांचे हब बहुधा पाच बोल्टांचे, ४.५ किंवा ४.७५ इंची असतात. पुढे आणि मागे वेगवेगळ्या बोल्टांची चाके ठेवल्यास स्टेपनी एकाच टोकाला उपयोगी पडते, म्हणून मागील ॲक्सलचा निर्णय याच वेळी घ्यावा.

स्प्रिंगची निवड

‘व्ही-८ साठीची स्प्रिंग’ असे लिहिलेले पुडके उचलण्यापेक्षा साधा हिशेब करावा. समजा इंजिनासह पुढच्या ॲक्सलवर १,९०० पौंड आहेत, म्हणजे प्रत्येक चाकावर ९५०. त्यातून चाक, ब्रेक आणि आर्मचा हिस्सा धरून ९० पौंड वजा केले की स्प्रिंगवर तोलले जाणारे वजन ८६० पौंड उरते. आरामदायी पण न डुलणाऱ्या पिकअपसाठी पुढील बाजूची नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे १.३ ठेवली, तर चाकापाशी दर इंचाला १४८ पौंडांचा ताठपणा लागतो. स्प्रिंग मात्र चाकापाशी नसून आर्मच्या मधोमध कुठेतरी असते. चाक एक इंच हलल्यावर स्प्रिंग ०.५५ इंच दबत असेल, तर १४८ ला ०.५५ च्या वर्गाने, म्हणजे ०.३०२५ ने भागावे. उत्तर सुमारे ४९० पौंड दर इंच येते. हे ०.५५ प्रमाण प्रत्येक संचात वेगळे असते, म्हणून ते आपल्याच आर्मवर मोजावे: आतल्या बोल्टपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचे अंतर भागिले बोल्टपासून बॉलजॉइंटपर्यंतचे (आर्मच्या बाहेरच्या टोकाच्या गोल सांध्यापर्यंतचे) अंतर. प्रमाणात थोडा फरक पडला तरी वर्गामुळे उत्तरात मोठा फरक पडतो. स्प्रिंग तिरकी बसत असेल तर ताठपणा आणखी किंचित वाढवावा लागतो.

हवेच्या पिशव्या बसवून गाडी उभी असताना जमिनीला टेकवण्याची फॅशन आहे. त्यास माझी हरकत नाही, पण आर्म, शॉकॲब्सॉर्बर आणि अलाइनमेंट ही चालण्याच्या एकाच उंचीला बरोबर असतात, आणि बटण दाबून रोज वेगळ्या उंचीवर गाडी चालवणे टायरांना महागात पडते.

क्रॉसमेंबर बसवताना

चासी उघड्या नालीच्या आकाराची आहे. पाट्यांचा भार हँगरपाशी दोन टोकांना वाटला जातो, पण स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये तो एकाच जागी येतो आणि नाली पिळवटू लागते. म्हणून क्रॉसमेंबरच्या पुढे-मागे चासीची उघडी बाजू पोलादी पट्टीने बंद करणे ऐच्छिक समजू नये. ही पट्टी सलग वेल्ड न करता थोडे-थोडे, बाजू बदलत करावे, अन्यथा उष्णतेने चासी वाकते.

चासी आधी ठरवलेल्या दोन उंचींच्या आकड्यांप्रमाणे स्टँडवर टेकवावी, म्हणजे गाडी चालताना जेवढी पुढे झुकलेली असेल तेवढीच ती येथेही झुकलेली असली पाहिजे. क्रॉसमेंबरचा वरचा पृष्ठ पाणसळीने जमिनीशी समांतर करावा, चासीशी नव्हे. चासी एक अंश पुढे झुकलेली असताना क्रॉसमेंबर चासीशी समांतर जोडला, तर कॅस्टर एक अंशाने कमी होतो आणि ब्रेक लावल्यावर नाक खाली जाण्याला रोखणारी रचनाही बिघडते. संचासोबत आलेल्या कागदावर ही गोष्ट अनेकदा एका ओळीत असते आणि तीच वाचायची राहून जाते. गाडी बरीच खाली आल्यावर चाक मूळ रेषेवर ठेवले तरी कमानीत मागे गेल्यासारखे दिसू शकते. म्हणून मडगार्ड तात्पुरते टांगून, चाक धरून पाहून, मगच मध्यरेषा अंतिम करावी. प्रथम फक्त टाके मारावेत, कर्ण पुन्हा मोजावेत, इंजिन आणि रेडिएटर जागेवर ठेवून पाहावेत आणि त्यानंतर पूर्ण वेल्डिंग करावे. हे वेल्डिंग स्वतःला पूर्ण येत नसेल तर टाक्यांपर्यंत आपण करावे आणि पुढचे काम अनुभवी वेल्डरकडे द्यावे.

स्टिअरिंग आणि ब्रेक

रॅक-पिनियनमध्ये एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. रॅकच्या आतील सांध्यांमधील अंतर खालच्या आर्मच्या आतील बोल्टांमधील अंतराशी जुळले पाहिजे. रुंद चासीसाठी काही जण क्रॉसमेंबर रुंद करतात आणि रॅक तोच ठेवतात. मग चाक वर-खाली होताच ते आपोआप वळते आणि गाडी प्रत्येक उंचवट्यावर हातातून सुटू पाहते. हे तपासण्यासाठी स्प्रिंग न बसवता आर्म जॅकने चालण्याच्या उंचीपासून तीन इंच वर आणि तीन इंच खाली न्यावा, आणि दर अर्ध्या इंचाला चाकाच्या पुढच्या व मागच्या कडेचे अंतर एका सरळ पट्टीपासून मोजावे. या सहा इंचांत टो, म्हणजे चाकाच्या पुढच्या कडेचा आत किंवा बाहेर वळलेपणा, जवळपास बदलता कामा नये.

पॉवर स्टिअरिंग लावल्यास फोर्डचा रॅक आणि जनरल मोटर्सचा पंप अशी जोडी बहुधा होते. त्या पंपाचा दाब या रॅकला हवा त्यापेक्षा जास्त असतो आणि स्टिअरिंग बोटाने फिरण्याइतके हलके, चंचल होते. दाब आणि प्रवाह कमी करणारे व्हॉल्व्ह त्यासाठीच मिळतात. स्टिअरिंगच्या शाफ्टमध्ये तीन युनिव्हर्सल जॉइंट आले तर मध्ये आधाराचे बेअरिंग अनिवार्य आहे. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड आणि हा शाफ्ट यांची गाठ व्ही-८ मध्ये नेमकी डाव्या बाजूला पडते, म्हणून एक्झॉस्ट विकत घेण्यापूर्वी शाफ्ट बसवून पाहावा.

मूळ मास्टर सिलिंडर केबिनच्या फरशीखाली आणि एकाच सर्किटचा आहे. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून दोन सर्किटांचा सिलिंडर घ्यावा. तो फरशीखालीच ठेवल्यास त्याची पातळी कॅलिपरपेक्षा (डिस्कला पकडणाऱ्या भागापेक्षा) खाली राहते आणि तेल मागे उतरते. डिस्कच्या नळीत दर चौरस इंची २ पौंडांचा आणि ड्रमच्या नळीत १० पौंडांचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत तेवढा दाब टिकवून धरणारा) घातला की पहिल्याच दाबण्याला ब्रेक लागतो.

भारतातील वाचकांसाठी

महाराष्ट्रात एखादी जुनी पिकअप हाती असेल तर कापाकापी करण्यापूर्वी कायदा पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांचा लाभही ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी आहे. चासीत मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. येथे मूळ ॲक्सलची दुरुस्ती हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

शेवटची जुळवणी

आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहून आपल्या चालण्याच्या उंचीला आल्यावरच पूर्ण आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पॉवर स्टिअरिंगसह स्वतंत्र सस्पेन्शनला तीन ते पाच अंश कॅस्टर, शून्य ते उणे अर्धा अंश कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा आत-बाहेर कल) आणि एक षोडशांश ते एक अष्टमांश इंच टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या) येथून सुरुवात करावी. अखंड ॲक्सलमध्ये कॅस्टर पाटा आणि ॲक्सल यांमध्ये पाचर घालून बदलतात, आणि कॅम्बर ॲक्सलच्या घडणीतच असतो. त्या ॲक्सलला वॉबलिंग, म्हणजे चाकांची थरथर, जाणवले तर कॅस्टर आणखी वाढवू नये; आधी टायरचे बॅलन्सिंग, टायरॉड-एंड आणि किंगपिन पाहावेत, कारण जास्त कॅस्टर थरथर वाढवतो.

पहिल्या काही शे मैलांत स्प्रिंग अर्धा-पाऊण इंच खाली बसतात, त्याबरोबर कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. म्हणून अलाइनमेंट त्यानंतर पुन्हा करून घ्यावी, आणि त्याच वेळी क्रॉसमेंबरच्या प्रत्येक वेल्डवरील रंग तारेच्या ब्रशने खरवडून, भिंगाखाली, केसाएवढी भेग तर नाही ना, हे पाहून मगच पुन्हा रंग द्यावा.